चिडका नाग माणसाळवायचा कसा?

(ताम्हिणी येथील बुद्ध विहारात वर्षावासाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

वंदनीय भन्ते, विहार कमिटीचे सर्व पदाधिकारी, पुढे चटईवर बसलेल्या आमच्या माता-भगिनी, आणि मागं दाराशी उभी असलेली, "भाषण कधी संपतंय" म्हणून मोबाईलात बघणारी तरुण पोरं, सर्वांना सप्रेम जय भीम.

आम्ही गिरणीतला माणूस. शाळा आमची लवकर सुटली. जे काही वाचलं ते रातपाळी उतरल्यावर, वाचनालयात बसून. त्यामुळं भाषणात पुस्तकी भाषा आणि खात्यातली भाषा यांची सरमिसळ होणार, ती आपण गोड मानून घ्यावी. कमिटीने आम्हाला विषय दिला होता "नागपंचमी आणि आपण". आम्ही तो थोडा वळवून घेतला आहे. कारण गेल्या वर्षी श्रावणात याच घाटात एका घरात आम्हाला एक प्रश्न विचारला गेला आणि तो प्रश्न नागपंचमीपेक्षा मोठा निघाला.

प्रश्न असा होता : "काका, नाग लय चिडका आहे. तो माणसाळवायचा कसा?"

विचारणारा पोरगा पंचवीस-सव्वीसचा. नाव सांगत नाही, गरजही नाही. हुशार पोरगा, हॉटेलावर कामाला जातो, बाबासाहेबांच्या जयंतीला ढोल वाजवायला पहिला असतो. त्याने घरामागच्या लाकडांच्या ढिगातून एक नाग धरला आणि निळ्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवला. पिंपाला वरून जाळी, जाळीवर पाटा. असा पाच आठवडे तो नाग त्या पिंपात होता आणि त्याच घरात त्याची म्हातारी आई आणि दोन वर्षांची पोरगी रांगत-चालत होती. पोरगा रोज संध्याकाळी पाटा काढायचा, काठीनं नागाला उठवायचा, फणा काढला की मोबाईलवर चित्र घ्यायचा. लोक ते बघायचे, वा वा करायचे. फक्त एक अडचण होती. पाच आठवडे झाले तरी नाग ओळख देईना. जाळी हलली की फूत्कार, हात दिसला की झेप.

आम्ही त्याला विचारलं, बाबा, हे कशापायी? तर त्याने जे उत्तर दिलं त्याच्यासाठी आज आम्ही इथं उभे आहोत. तो म्हणाला, "काका, तुम्हीच भाषणात सांगता ना, आपण नागवंशी. मग नाग आपल्याला कशाला चावंल?"

मित्रहो, हसू नका. हे आपल्यातल्या पुष्कळ जणांच्या मनात आहे, फक्त तो पोरगा बोलून दाखवायला धजला. तेव्हा आधी हाच गुंता सोडवू.

१५ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूरला भाषण केलं. दीक्षेसाठी नागपूर का निवडलं, याचं कारण त्यांनी सांगितलं. बुद्धधम्माचा प्रसार ज्यांनी केला ते नाग लोक, त्यांची वस्ती या भागात होती, इथं नाग नदी आहे. आता नीट ऐका. नाग *लोक*. माणसं. सरपटणारा प्राणी नव्हे. "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथातसुद्धा उरुवेलेच्या काश्यपाची गोष्ट येते. जुन्या पाली ग्रंथात तिथं अग्निशाळेतला विषारी नागराज आहे, तथागत त्याला भिक्षापात्रात घेतात, असा चमत्कार आहे. बाबासाहेबांनी चमत्कार बाजूला ठेवला. त्यांच्या ग्रंथात नाग हे तथागतांचे मित्र आणि अनुयायी झालेले लोक आहेत. म्हणजे ज्या महापुरुषाने सापाचा माणूस करून दाखवला, त्याचंच नाव घेऊन आपण पुन्हा माणसाचा साप करायचा का? नागवंशाचा अभिमान जरूर बाळगा. पण पिंपातल्या नागाला तुमचा वंश ठाऊक नाही. त्याला काठी ठाऊक आहे.

आता मूळ प्रश्न. साप माणसाळतो का?

आम्ही यावर जमेल तेवढं वाचलं, जाणत्या सर्पमित्रांना विचारलं. उत्तर असं आहे की सापाला सवय लागते, माया लागत नाही. कुत्रं माणसाजवळ हजारो वर्षं राहिलं, कळपात राहणारी त्याची जात, मालक म्हणजे त्याच्या कळपाचा पुढारी. साप बहुतेक आयुष्य एकटा काढतो. नागीण अंडी राखते, पण पिल्लं बाहेर पडली की ज्याची त्याची वाट. ज्याला आईची माया ठाऊक नाही त्याला मालकाची माया कुठून ठाऊक असणार? त्याच्या लेखी समोरच्या वस्तूचे तीनच प्रकार. खाण्याजोगं, धोक्याचं, आणि दुर्लक्ष करण्याजोगं. माणसाळवणं म्हणजे तुम्ही दुसऱ्या खणातून तिसऱ्या खणात जाणं, एवढंच. पहिल्या खणात मात्र चुकूनही पडू नये.

परदेशात लोक अजगर, कॉर्न स्नेक असले बिनविषारी साप घरात पाळतात. त्यांच्यातही चिडके निघतात. ते लोक काय करतात हे आम्ही मुद्दाम समजून घेतलं, कारण पोराला नुसतं "सोडून दे" म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं. ते लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे काहीच करत नाहीत. नवीन साप आणला की एक-दोन आठवडे त्याला हातच लावत नाहीत. पेटीत लपायला अंधारी जागा ठेवतात, एक बाजू ऊबदार, एक बाजू गार, म्हणजे त्याला हवं तिथं तो सरकेल, कारण सापाचं रक्त स्वतः गरम राहत नाही. भक्ष्य लांब चिमट्याने देतात, हाताने कधीच नाही. हाताने दिलं की हात आणि उंदीर यात त्याला फरक कळेनासा होतो. पेटी उघडली की आधी आकड्याने अंगाला हलकेच स्पर्श करतात, म्हणजे त्याला समजतं, हे जेवण नव्हे. मग दहा मिनिटं बाहेर, पुन्हा आत. जेवल्यावर दोन दिवस हात नाही, नाहीतर तो खाल्लेलं ओकतो. कात टाकायच्या दिवसांत अजिबात नाही, कारण तेव्हा त्याच्या डोळ्यांवर दुधी पडदा येतो, दिसत नाही, आणि न दिसणारा प्राणी जास्त घाबरतो. असं महिनोन्‌महिने केलं की साप झेप घालायचं थांबवतो. त्याला लोक म्हणतात माणसाळला. खरं म्हणजे तो कंटाळला.

आणि हे सगळं बिनविषारी सापाचं, तेही पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या जन्मलेल्या. तिथं चूक झाली तर बोटाला चार ओरखडे. पिंपात होता तो नाग. तिथं चूक एकदाच होते.

आता त्या पोराच्या पिंपाकडे बघा. लपायला जागा नाही. प्लास्टिकमधून चहूबाजूंनी उजेड. खाली फरशी, त्यावर घरातल्या प्रत्येक पावलाचा हादरा थेट त्याच्या जबड्याच्या हाडातून आत जातो. सापाला बाहेरचा कान नसतो, पण आतला कान असतो आणि जमिनीचा हादरा त्याला फार बारीक कळतो. हवेतला आवाजही थोडाफार कळतो असं २०२३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. वर रोज काठी. खायला काय, तर अंडी आणि दूध! अहो, साप दूध पीत नाही. तहानेनं व्याकूळ झाला तर जे ओलं समोर येईल त्याला तोंड लावतो, आणि ते दूध त्याला पचत नाही. तर तो नाग चिडका नव्हता. तो घाबरलेला, उपाशी, आणि उघड्यावर सापडलेला होता. फणा म्हणजे राग नव्हे. फणा म्हणजे "माझ्या वाटेला जाऊ नको, मलाही भांडायचं नाही" अशी नोटीस. पुष्कळदा नाग पहिली झेप तोंड मिटूनच घालतो, नुसती डोक्याची धडक देतो. विष बनवायला त्याला शक्ती लागते, ते त्याला शिकारीला हवं असतं, तुमच्यावर खर्च करायची त्याला हौस नाही. पोरगा रोज ती नोटीस फाडत होता आणि म्हणत होता, नाग काही करत नाही.

आम्ही त्याला खात्यातलं उदाहरण दिलं. रिंगखात्यात आम्ही एकाच मशीनवर वर्षानुवर्षं काढली. डोळे मिटून धागा जोडायचो. पण गियरचं झाकण उघडं असताना कुणी त्यात बोट घालत नाही, आणि "हे मशीन माझ्या ओळखीचं आहे" असं म्हणून घालणारे होते त्यांची बोटं आम्ही पाहिली आहेत. जॉबर सांगायचे, मशीनची ओळख तुला झाली, तुझी ओळख मशीनला झाली नाही. पोरगा यावर काही बोलला नाही. पण त्याची आई बोलली. ती म्हणाली, "मी पंचवीस रात्री झोपले नाही."

मग तो म्हणाला, "काका, गारुड्याचा नाग कसा गप असतो?"

गारुड्याचा नाग गप असतो कारण त्याचे दात उपटलेले असतात, कधी विषग्रंथी जाळलेली असते, कधी तोंड दोऱ्यानं टाचलेलं असतं. खाता येत नाही, तोंडात पू होतो, काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत मरतो, मग दुसरा आणतात. पुंगीवर डोलतो हेही खरं नाही, तो पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून असतो. आणि दात उपटले म्हणून कायमचं भागत नाही, सापाला मागचे दात पुन्हा पुढं येतात. "दात काढलेला आहे" अशा भरवशावर पुष्कळांनी जीव गमावले. आम्ही गारुड्यांना नावं ठेवत नाही. पोटासाठी भटकणारी, गावकुसाबाहेरची माणसं ती, आपल्यासारखीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांचा धंदा गेला, पर्यायी पोटाचं कुणी नीट पाहिलं नाही, हेही इथं सांगितलं पाहिजे.

पर्याय निघतो मात्र. तमिळनाडूत इरुळ आदिवासी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या साप धरणारे. पूर्वी कातडीसाठी साप मारले जायचे, तो व्यापार बंद झाला, पोटावर पाय आला. तेव्हा १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था निघाली. ते नाग, मण्यार, घोणस, फुरसे धरतात, मातीच्या मडक्यात सुमारे चार आठवडे ठेवतात, आठवड्याला एकदा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात, म्हणजे तोच साप लगेच पुन्हा धरला जाऊ नये, आणि मग रानात सोडून देतात. त्या विषापासून देशातली प्रतिविषाची औषधं तयार होतात. त्यांच्यातल्या मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आयुष्य सापात गेलेली माणसं ती. एकानेही साप माणसाळवला नाही. आकडा त्यांच्याही हातात असतो.

आपल्या पुण्याचं उदाहरण घ्या. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले. तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात त्याची चर्चा झाली. पुढं १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं, त्यामागं तेच. पोरं ही गोष्ट ऐकतात आणि म्हणतात, बघा, साप मित्र झाले. साप मित्र झाले नव्हते, माणूस दगडासारखा शांत बसला होता. सापाच्या तिसऱ्या खणात बसला होता. त्यांना दाखवायचं तेच होतं की तुम्ही त्याला छेडलं नाही तर तो तुम्हाला शोधत येत नाही. आपल्या पोरांनी त्यातली काच आणि टाळ्या तेवढ्या उचलल्या.

तथागतांनीही सापाचा दृष्टांत दिला आहे. मज्झिम निकायात अलगद्दूपम सुत्त आहे. अरिट्ठ नावाचा भिक्खू धम्माचा उलटा अर्थ लावत होता, त्यावरून ते सांगितलं. एखादा माणूस साप शोधायला निघतो, मोठा साप दिसतो, तो त्याला शेपटीला नाहीतर मध्येच धरतो. साप उलटतो आणि चावतो. दुसरा माणूस बेचक्याच्या काठीने त्याला दाबतो आणि मानेपाशी धरतो, त्याला काही होत नाही. धम्माचंही तसंच, चुकीचा धरला तर तो धरणाऱ्यालाच बाधतो. आम्हाला यात आवडतं ते हे की अडीच हजार वर्षांपूर्वी सांगणाऱ्याला साप कसा धरतात हे बरोब्बर ठाऊक होतं.

इथं एक नाजूक मुद्दा येतो, भन्तेजींची क्षमा मागून बोलतो. परित्राण पाठात खन्ध परित्त आहे. एक भिक्खू साप चावून गेला, तेव्हा तथागतांनी सर्पांच्या चार कुळांविषयी मैत्री भावना करायला सांगितली, त्यातून ते आलं. आपल्यात काही जण समजतात की हे म्हटलं की साप येत नाही, चावला तर विष चढत नाही. मग नागोबाला दूध ठेवणाऱ्यात आणि आपल्यात काय फरक राहिला? मैत्री भावनेनं सापाचं मन बदलत नसेल, आपला हात बदलतो. ज्या हातात काठी होती ती खाली येते. आणि त्याच विनयपिटकात साप चावलेल्या भिक्खूला त्या काळात ठाऊक असलेलं औषध द्यायची परवानगी तथागतांनी दिलेली आहे. ते औषध विष्ठा, मूत्र, राख आणि माती असं होतं, तेव्हा कुणी उद्या ते करून बघू नका! औषध काळाप्रमाणं बदललं. औषध घ्यायचं, हा आदेश बदललेला नाही.

आजचं औषध म्हणजे प्रतिविष. आपल्या गिरणगावात, परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, १८९९ साली प्लेगच्या लशीसाठी निघालेली. तिथं सापांच्या विषावर मोठं काम झालं. औषध होतं कसं, तर घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचतात, हळूहळू वाढवतात, घोड्याचं रक्त त्या विषाशी लढायला शिकतं, आणि त्या रक्तातून औषध काढतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच औषध चालतं, म्हणून साप ओळखत बसायची, मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. आम्हाला विचाराल तर विष माणसाळवलं ते त्या घोड्यांनी. त्यांची पूजा कुणी करत नाही.

आपल्या भागाचं बोलायचं तर ताम्हिणीत साप असणारच. जुन्या लोकांना माहीत आहे, १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालं. भाताची खाचरं पाण्याखाली गेली, माणसं डोंगराच्या अंगाला सरकली. ते पाणी भिऱ्याला उतरवून १९२७ पासून वीज झाली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. म्हणजे तिकडं आमची मशीनं फिरत होती ती इकडच्या बुडालेल्या शेतांवर. असो. २०१३ पासून इथं अभयारण्य आहे. पाऊस तर असा की २०२४ च्या जुलैत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पडला. बिळांत पाणी भरलं की साप वर येतो, कोरडी जागा बघतो. कोरडी जागा म्हणजे आपली लाकडं, आपली पडवी, आपलं अंथरूण. त्यात आता घाटात हॉटेलं, फार्महाऊस, त्यांचा खरकटा कचरा, कचऱ्याला उंदीर, उंदरांमागं धामण आणि नाग. कारवीत आणि बांबूत हिरवा चापडा गुंडाळी करून बसलेला असतो, पानात पान, हात लावेपर्यंत कळत नाही. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, ती निदान सांगून तरी चावते. सर्वात वाईट मण्यार. रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही, मुंगी चावली म्हणून माणूस कूस बदलतो आणि पहाटे पापण्या उघडत नाहीत. म्हणून म्हणतो, बायांनो, पावसाळ्यात पोरं खाटेवर झोपवा, खाट नसेल तर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून घ्या. हे दोन ओळींचं काम दहा भाषणांपेक्षा मोठं आहे.

देशात साप चावून किती माणसं मरतात? २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी, अनवाणी माणसं. श्रीमंताला साप क्वचित चावतो. आणि ही माणसं सगळीच विषाने मरत नाहीत, वाटेत मरतात. आधी भगत, मग देव, मग गाडी नाही, मग दवाखाना. भगताचा महिमा कशावर चालतो ते सांगतो. बहुतेक साप बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही, कोरडा दंश होतो. असे सगळे लोक आपोआप बरे होतात आणि नाव भगताचं होतं. ज्याच्या अंगात विष गेलं तो मरतो, तेव्हा "उशीर केला" असं म्हणायला भगत मोकळा. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा, ज्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर झिजले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला, त्या कायद्यात हे स्पष्ट आहे की साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. घाट उतरून महाडला जा. चवदार तळ्याचं ते महाड. तिथं डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर साध्या गोळीचा उपचार शोधला, १९८६ मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध साप्ताहिकात तो छापून आला. कोकणातल्या सरकारी दवाखान्यात बसून! शोध लावायला परदेशच लागतो असं नाही.

नागपंचमीचं थोडं सांगतो, कमिटीचा विषय होता म्हणून. सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला जिवंत नाग धरून, मडक्यात ठेवून पूजा आणि मिरवणुकीची प्रथा होती. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते बंद झालं. २०२५ मध्ये केंद्र सरकारनं तिथल्या २१ जणांना पारंपरिक ज्ञानाच्या शिक्षणापुरते नाग धरायची परवानगी दिली, पूजेसाठी नव्हे. यावर गावागावात वाद आहे, तो आज इथं सोडवत बसत नाही.

कायद्याचं मात्र पक्कं लक्षात ठेवा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि आपली साधी धामणसुद्धा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. घरात ठेवला तर तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी पंचवीस हजार दंड. परदेशी अजगर शहरात काही लोक पाळतात, त्याचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारकडे नोंद करावी लागते. पैसेवाल्याचा वकील असतो. आपल्या पोराला तीन वर्षं म्हणजे घर बसलं.

तर त्या घराचं काय झालं? आम्ही पोराला एक रात्र दिली. त्याला सांगितलं, उद्या सकाळी तूच वनखात्याला फोन कर, नाहीतर आम्ही करू. त्याची बायको रडली, "केस झाली तर?" म्हणाली. भीती खोटी नव्हती. सकाळी त्याने फोन केला नाही. आम्ही केला. वनखात्याचे लोक आणि एक नोंदणी केलेले सर्पमित्र आले. त्यांनी पिंप आडवं केलं, तोंडाशी काळी पिशवी लावली, आणि जो नाग पाच आठवडे कुणाला जवळ येऊ देत नव्हता तो अंधार दिसताच मुकाट्याने आपणहून पिशवीत शिरला. दोन मिनिटांचं काम. पोरगा बघतच राहिला. अंगावरची खवलं घासून सोलली होती, वजन उतरलं होतं. त्याला तपासून रानात सोडलं. पोराला समज देऊन लिहून घेतलं. त्यानंतर दोन महिने त्या घराने आमच्याशी जय भीमसुद्धा केला नाही. आम्हाला वाईट वाटलं, पण पोरगी अंगणात चालताना दिसायची, तेवढं पुरे होतं. म्हातारीने मात्र एकदा विहारात येऊन न बोलता आमच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

तो पोरगा आता साप दिसला की वनखात्याला कळवतो आणि ते येईपर्यंत लोकांना लांब ठेवतो. धरायचं प्रशिक्षण पाहिजे म्हणतो. आम्ही म्हटलं, रीतसर घे, बूट-आकडा-पिशवी घेऊन घे, आणि मोबाईल घरी ठेव.

शेवटी कामाचं. कमिटीला विनंती की विहाराच्या फळ्यावर दोन नंबर मोठ्या अक्षरात रंगवून घ्यावेत. वनखात्याची मदतवाहिनी १९२६, आणि रुग्णवाहिका १०८. साप चावला तर करकचून बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने ओढू नका. अंगठी, बांगडी, जोडवी लगेच काढा, कारण सूज येते. चावलेला हात-पाय फळीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, पाणी-चहा पाजत बसू नका. घाटातून इकडं पौड, तिकडं माणगाव. जे जवळ असेल तिकडं निघायचं, आणि निघताना दवाखान्याला फोन करून प्रतिविष आहे का विचारायचं. पावसाळ्यात घाटात दरड असते, नेटवर्क नसतं, म्हणून वस्तीत रात्री-बेरात्री गाडी काढील अशा तीन जणांची नावं आजच लिहून घ्या. दोन मिळाली आहेत. तिसरं नाव कोण देतंय, हात वर करा. मागची पोरं, तुम्हालाच विचारतोय.

जय भीम! नमो बुद्धाय!